बल्क की सिंगल-सेल? आरएनए सीक्वेन्सिंगचे पैसे भरण्याआधी

पीएचडीच्या प्रस्तावात हल्ली ‘नमुन्यांचं सिंगल-सेल आरएनए सीक्वेन्सिंग केलं जाईल’ हे वाक्य हमखास असतं. आरएनए सीक्वेन्सिंग म्हणजे पेशींमधला आरएनए वाचून कुठलं जनुक किती चालू आहे हे मोजणं. ते कशासाठी करायचं, याचं उत्तर मात्र पुढच्या पानावरही सापडत नाही. ज्यांचा निर्णय अजून व्हायचा आहे, त्यांना माझं मत आधीच सांगतो. ‘रुग्णात आणि निरोगी माणसात काय बदललं’ हा प्रश्न असेल तर बल्क करा. ‘नेमकं कुठल्या पेशीत बदललं’ हे कळल्याशिवाय काम अडत असेल, तरच सिंगल-सेलकडे वळा.

बल्कमध्ये ऊतकाच्या तुकड्यातल्या सगळ्या पेशींचा आरएनए एकत्र काढतात. त्यातला ८० टक्क्यांहून जास्त भाग रायबोसोमचा असतो. म्हणून एकतर पॉली-ए शेपूट (टोकाला ‘ए’ अक्षरांची माळ) असलेले संदेशवाहक आरएनए वेचून घ्यायचे, नाहीतर रायबोसोमचा आरएनए काढून टाकायचा. पॅराफिनमध्ये (मेणात) जतन केलेला जुना, तुकडे पडलेला नमुना असेल किंवा जिवाणूंवर काम असेल, तर दुसरा मार्गच धरावा लागतो. हाती येतो तो प्रत्येक जनुकामागे, प्रत्येक नमुन्यामागे एक आकडा. तो सगळ्या पेशींची सरासरी असतो.

सिंगल-सेलमध्ये (२०१५ पासून रुळलेल्या थेंबांच्या पद्धतीत) प्रत्येक पेशी तेलातल्या एका सूक्ष्म थेंबात एका मण्यासोबत बंद होते. मण्यावरचा बारकोड, म्हणजे डीएनए अक्षरांचा ठरावीक क्रम, ती पेशी कोणती हे सांगतो. शेजारची आणखी काही अक्षरं मूळ रेणू कोणता हे सांगतात, म्हणजे पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती काढण्याच्या प्रक्रियेत) वाढलेल्या प्रती दोनदा मोजल्या जात नाहीत. शेवटी हजारो पेशींचा तक्ता मिळतो आणि त्यात बहुतेक शून्यं असतात. जनुक बंद असल्यामुळेच शून्य आलं असं नाही. पेशीतल्या रेणूंपैकी थोडेच पकडले जातात, हेही त्याचं कारण असतं.

सिंगल-सेलची खरी ताकद सिस्टिक फायब्रोसिसच्या (फुप्फुसांत चिकट कफ साचवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या) संशोधनात दिसली. या आजारामागचं सीएफटीआर जनुक १९८९ मध्येच सापडलं होतं. २०१८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी श्वासनलिकेतल्या पेशी एकेक करून वाचल्या आणि जेमतेम एक टक्का असलेला एक नवाच पेशीप्रकार हाती लागला. त्याला नाव मिळालं आयनोसाइट. सीएफटीआरची पातळी त्यांच्यात प्रचंड होती. पुढे एकूण सीएफटीआरमध्ये स्रावी पेशींचा वाटाही मोठा असल्याचं दिसलं आणि नेमक्या कुठल्या पेशी महत्त्वाच्या, ही चर्चा रंगली. बल्कच्या सरासरीतून ही चर्चा उभीच राहिली नसती.

बल्कचा आणखी एक धोका लक्षात ठेवा. सुजलेल्या ऊतकात रोगप्रतिकारक पेशींची गर्दी होते. त्यांची जनुकं ‘वाढलेली’ दिसतात, पण प्रत्यक्षात एकाही पेशीचं वागणं बदललेलं नसेलही. फक्त पेशींचं प्रमाण बदललेलं असू शकतं.

म्हणून बल्क मागे पडलं असं समजू नका. डीएनए तपासूनही निदान न झालेल्या ५० स्नायुविकार-रुग्णांच्या स्नायूंच्या बायोप्सीचं आरएनए सीक्वेन्सिंग करून २०१७ मध्ये ३५ टक्क्यांचं निदान लागलं. सीओएल६ए१ जनुकाच्या इन्ट्रॉनमधला (आरएनएतून कापून टाकल्या जाणाऱ्या भागातला) एक बदल स्प्लायसिंग, म्हणजे आरएनएची ही कापून जोडणी, बिघडवत होता आणि तो अनेक रुग्णांत पुन्हापुन्हा सापडला. नेहमीच्या सिंगल-सेल किटमध्ये आरएनएचं एकच टोक वाचलं जातं, त्यामुळे मधला असा घोटाळा सहसा हाती लागत नाही. नमुना स्नायूचाच घेतला होता, हेही महत्त्वाचं. स्नायूंची बरीच जनुकं रक्तात पुरेशी व्यक्तच होत नाहीत.

आता रेप्लिकेटचा, म्हणजे एकाच स्थितीतल्या स्वतंत्र नमुन्यांचा मुद्दा. माझ्या मते निर्णय इथेच व्हायला हवा. २०१६ मध्ये यीस्टवर प्रत्येक स्थितीचे ४८ रेप्लिकेट घेऊन एक अभ्यास झाला. त्यात तीनच रेप्लिकेट ठेवले, तर बहुतेक सॉफ्टवेअरना खऱ्या बदललेल्या जनुकांपैकी २० ते ४० टक्केच सापडली. निदान सहा घ्या, असा त्यांचा सल्ला होता. तीही यीस्टची गोष्ट. माणसामाणसातला फरक तर कितीतरी मोठा. सिंगल-सेलमध्ये लोक इथेच फसतात. एका रुग्णाच्या दहा हजार पेशी म्हणजे दहा हजार रेप्लिकेट नव्हेत, तो एकच रुग्ण! पेशींना स्वतंत्र नमुने मानून सांख्यिकी केली की खोट्या जनुकांची रांग लागते. यावरचा चांगला उपाय म्हणजे प्रत्येक रुग्णाच्या एकेका पेशीप्रकाराची बेरीज करून ती बल्कसारखीच डीईसीक-२ किंवा एजआर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमधून काढणं. म्हणजे पुरेसे रुग्ण घेणं इथेही टळत नाही. गटात एकेकच रुग्ण परवडणार असेल, तर ते पैसे सहा-सहा रुग्णांच्या बल्कवर घाला.

नमुना कुठून येणार तेही पाहा. बल्कसाठी ऑपरेशन थिएटरमधूनच तुकडा आरएनए टिकवणाऱ्या रसायनात टाकून उणे ८० अंशांत ठेवता येतो आणि सगळे जमले की त्यांचा आरएनए एकदम काढता येतो. सिंगल-सेलला सहसा जिवंत, सुट्या पेशी लागतात. त्या सुट्या करायला एन्झाइम घालून ३७ अंशांवर ठेवलं की त्या धक्क्यानेच एफओएस, जेयूएन ही जनुकं उसळतात आणि ती आजाराची खूण वाटू शकते. गोठवलेल्या ऊतकाचं, किंवा स्नायुतंतूंसारख्या थेंबात न मावणाऱ्या पेशींचं काम असेल, तर फक्त केंद्रकं वेगळी करून वाचतात. वनस्पतींत आधी पेशीभित्तिका उतरवावी लागते.

संगणकाचा प्रश्न त्यामानाने हलका आहे. बल्कमध्ये फक्त जनुकांची मोजणी हवी असेल तर सॅमन किंवा कॅलिस्टो हे सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालतं. नवे स्प्लायसिंगचे जोड शोधायचे तर स्टार हे सॉफ्टवेअर लागतं आणि मानवी जीनोमसाठी ते ३० जीबीच्या आसपास रॅम मागतं. मशीन नसेल तर गॅलेक्सी या ऑनलाइन विश्लेषण-व्यासपीठाचे मोफत सर्व्हर आहेत. सिंगल-सेलमध्ये मशीनपेक्षा माणसाचा वेळ जास्त जातो: किती गट पाडायचे, कुठल्या गटाला काय नाव द्यायचं, दोन पेशी एकाच थेंबात अडकल्या आहेत का, हे सगळं बसून ठरवावं लागतं.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच. निरोगी नमुने सोमवारी आणि रुग्णांचे मंगळवारी काढले, तर दिसणारा फरक आजाराचा की वाराचा, हे कुठलंच सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. दोन्ही गट प्रत्येक खेपेत मिसळा.

मधला रस्ताही आहे. आधी जीईओवर (जनुक-डेटाच्या सार्वजनिक संग्रहावर) आपल्या ऊतकाचा सिंगल-सेल डेटा कोणी टाकला आहे का ते शोधा. बऱ्याच ऊतकांचा मिळतो. तो फुकट आहे. आपण भरपूर रुग्णांचं बल्क करायचं आणि त्यात कुठल्या पेशी किती आहेत याचा अंदाज त्या डेटावरून काढायचा. त्यातून एखादा पेशीप्रकार संशयास्पद निघाला, तर तेवढ्यासाठी सिंगल-सेलचा वेगळा प्रस्ताव गाइडपुढे ठेवता येईल, आणि तेव्हा ‘कशासाठी’ याचं उत्तर त्यात लिहिलेलं असेल.