गच्चीवरची जाळी की खारघरची रेंज?

ठाण्यात राहून गोल्फचा नेम सुधारायचा तर दोन वाटा आहेत. सोसायटीच्या गच्चीवर जाळी बांधायची, नाहीतर सुट्टीच्या सकाळी पनवेल लोकल पकडून खारघरला सिडकोच्या गोल्फ कोर्सवर, म्हणजे मोकळ्यात चेंडू मारायच्या सरावाच्या रेंजवर जायचं. मी दोन्ही केलंय.

आधी एक गोष्ट समजून घ्या. चेंडू कुठल्या दिशेने सुटतो, हे मुख्यतः क्लबफेस, म्हणजे क्लबचा चेंडूला लागणारा सपाट भाग ठरवतो; आयर्नला (धातूच्या पात्याचा क्लब) साधारण 75 टक्के, ड्रायव्हरला (सर्वात लांब मारायचा क्लब) त्याहून जास्त. पुढे तो हवेत वळतो तो फेसची दिशा आणि स्विंगची, म्हणजे क्लब फिरण्याची वाट यांच्यातल्या फरकामुळे. जाळीत सुटण्याची दिशा कळते, वळण कळत नाही.

पण जेवढं कळतं ते रोज कळतं, म्हणून माझा कल जाळीकडे आहे. आठ नंबरच्या आयर्नच्या फेसवर टाल्कम पावडर चोळा. फटका बसला की पांढऱ्यात चेंडूच्या खळग्यांचा गोल ठसा उमटतो. माझा ठसा महिनाभर टोकाच्या बाजूला येत होता आणि मी मनगटाला दोष देत होतो. चेंडूकडे दोन बोटं सरकून उभा राहिलो आणि ठसा मधोमध आला. जाळीवर नेमाच्या रेषेत लाल नाडा बांधा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू नाड्याच्या उजवीकडे लागला, तर बहुधा फेस उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला राहिला होता.

क्रिकेटची जाळी मात्र आणू नका. चेंडू जेमतेम 42.67 मिमीचा, मोठ्या घरातून आरपार जातो. घर 25 मिमीच्या आतलं हवं, आणि सोसायटीची लेखी परवानगीही.

तुमचा चेंडू सरळ सुटून उजवीकडे वळत जात असेल, तर खारघरलाच जा. तो स्लाइस पूर्ण उडताना पाहिल्याशिवाय सुधारत नाही. तिथे अंतर मोजण्यात वेळ घालवू नका, रेंजचे चेंडू बरेचदा कमीच जातात. फक्त सुरुवात आणि वळण बघा. पायाखालची कृत्रिम गवताची मॅट मात्र दोन्हीकडे फसवते, क्लब आधी टेकला तरी घसरून पुढे जातो. चेंडूच्या मागे वीतभर अंतरावर टॉवेलची घडी ठेवा, क्लब घडीला लागला तर लगेच कळेल.

पावसाळ्यात गच्ची निसरडी होते. तेव्हा हॉलमध्ये पटर, म्हणजे चेंडू होलकडे घरंगळवायचा क्लब घ्या. 3 मीटरवर चेंडू एक अंश वाकडा सुटला तर पाच सेंटिमीटर चुकतो, आणि 108 मिमीच्या होलची मध्यापासून कड तेवढ्याच अंतरावर असते.