वायफायच्या ‘सुरक्षे’साठी बसवलेला राउटर

“वायफायची मोफत तपासणी करून देतो” असे सांगत कोणी दारोदार फिरत असेल, तर त्याला घरात घेण्यापूर्वी ही हकीकत वाचावी. लातूरमध्ये नीट-जेईईच्या शिकवण्यांमुळे ज्या वसाहती विद्यार्थ्यांच्या खोल्यांनी भरून गेल्या आहेत, अशाच एका वसाहतीत आमचे घर आहे, आणि ही फसवणूक त्या शेजाराचा पुरता विचार करूनच आखलेली होती.

गळ्यात ओळखपत्र अडकवलेला तो माणूस आला तेव्हा घरी माझे वडील, म्हणजे निवृत्त शिक्षक, एकटेच होते. तपासणीसाठी म्हणून त्याने प्रथम वायफायचा पासवर्ड मागून घेतला, नंतर इंटरनेट कंपनीने बसवलेल्या वायफायच्या डब्याच्या तळाशी चिकटवलेल्या स्टिकरवरील नाव व पासवर्ड वापरून आपल्या मोबाइलवर त्या डब्याचे सेटिंगचे पान उघडले आणि जोडलेल्या उपकरणांची यादी दाखवत म्हणाला, “गुरुजी, तुमचं नेट दुसरेच लोक वापरायलेत.” यादीतील बहुतेक नावे वडिलांना अनोळखी वाटली यात नवल नाही. त्यांत आमचाच टीव्ही होता, आमचेच मोबाइल होते. हल्लीचे मोबाइल वायफायला जोडताना आपला खरा हार्डवेअर पत्ता, म्हणजे उपकरणाची ओळख पटवणारा क्रमांक, लपवून बनावट पत्ता देतात, त्यामुळे घरचा फोनही यादीत परका दिसू शकतो. शिवाय आपण स्वतः पासवर्ड दिलेल्या माणसाने आतून पान उघडून दाखवले, तर त्याने वायफाय ‘हॅक’ केले असे होत नाही.

त्यानंतर त्याने 2008 सालची गोष्ट काढली. अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी वृत्तवाहिन्यांना आलेला ईमेल नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या वायफायवरून गेल्याचे निघाले आणि त्याला चौकशीला सामोरे जावे लागले, ही गोष्ट खरी आहे. असत्याला असा एखादा सत्याचा टेकू दिला की ऐकणाऱ्याची शंका निम्मी होते. वडिलांनी 3,500 रुपये रोख देऊन ‘सिक्युरिटी राउटर’ घेतला आणि पावती म्हणून साध्या कागदावरची सही मिळाली. त्या माणसाने कंपनीच्या डब्यातील वायफाय बंद केले, आपला राउटर केबलने त्याला जोडला आणि “कुणी छेडछाड करू नये” या सबबीखाली सेटिंगचा पासवर्ड स्वतःजवळच ठेवला.

पुढे रात्री नऊनंतर नेट रांगू लागले. कंपनीने लाइन ठीक असल्याचे सांगितले आणि ते खरेच होते, कारण लॅपटॉप थेट कंपनीच्या डब्याला केबलने जोडला की पूर्ण वेग मिळत असे. दोष लाइनमध्ये आहे की वायफायमध्ये, हे ओळखण्याचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही. तरीही जुना राउटर केवळ 2.4 गिगाहर्ट्झ या वायफायच्या जुन्या लहरींच्या पट्ट्यावर चालणारा, आजूबाजूला त्याच पट्ट्यात गर्दी, एवढ्यावर आम्ही समाधान मानले असते. परंतु मे महिन्यात नीटची परीक्षा होऊन मुले गावी गेली आणि नेट अचानक सुधारले, तर नव्या तुकड्या येताच पुन्हा मंदावले.

तेव्हा मी मोबाइलवर वायफायचे सिग्नल मोजणारे ॲप घेतले. आमच्या नेटवर्कइतकाच जोरदार सिग्नल असलेले, परंतु नाव लपवलेले आणखी एक नेटवर्क त्यात दिसले. त्याचा हार्डवेअर पत्ता आमच्या राउटरच्या पत्त्याशी जवळपास जुळत होता, फरक होता तो एखाद्या अंकाचा. मी राउटरचा प्लग काढला, ते निनावी नेटवर्क यादीतून गेले आणि काही क्षणांतच शेजारच्या इमारतीतील मुले “नेट गेलं का रे?” असे एकमेकांना विचारत गॅलरीत आली. त्या माणसाने एकाच राउटरवर दुसरे छुपे नेटवर्क सुरू करून आमचे कनेक्शन शेजारी विकले होते.

येथे एक सावधगिरी सांगतो. असा संशय आल्यास राउटर रीसेट करण्याआधी ॲपमधील पडद्याची छायाचित्रे काढून ठेवावीत, कारण रीसेटबरोबर सेटिंगचा पुरावाही पुसला जातो. कंपनीच्या डब्याचे रीसेटचे बटण मात्र स्वतः दाबू नये. त्यातील लॉगिनची माहिती गेली, तर कंपनीचा माणूस येईपर्यंत नेट पूर्ण बंद राहते.

तो राउटर काढून आम्ही कंपनीच्या डब्यातील वायफाय पुन्हा सुरू केले, सुरक्षा डब्ल्यूपीए2 या वायफाय-संरक्षणाच्या पद्धतीवर ठेवली, पासवर्ड न टाकता उपकरण जोडू देणारे डब्ल्यूपीएसचे बटण व बाहेरून सेटिंग उघडण्याची सोय बंद केली आणि स्टिकरवरचा सेटिंगचा पासवर्ड बदलला. यासाठी एक रुपयाही लागला नाही. डबा लोखंडी कपाटामागून काढून उघड्यावर ठेवला, तेव्हा मागच्या खोलीतही नेट पोहोचले.

पैसे ऑनलाइन गेले असते, तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तातडीने तक्रार नोंदवून ते रोखण्याचा प्रयत्न तरी करता आला असता. आमचे रोख होते, म्हणून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला, पण कोऱ्या कागदावरच्या सहीवरून माणूस शोधणार कसा? उपयोगी पडले ते शेजारच्या खोल्यांचे मालक. त्यांना त्याने आमचेच नेट ‘स्वस्तातले वेगळे कनेक्शन’ म्हणून विकले होते आणि त्याचे भाडे ते दरमहा यूपीआयने त्याच्या खात्यावर भरत होते. त्या व्यवहारांची नोंद त्यांनी स्वतःहून काढून दिली आणि ती आमच्या अर्जाला जोडली आहे.