दिवा विझला तरी इंजिन फिरतच राहिलं

एकोणीस हजार सातशे रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरात तो सांगायला मला आठ दिवस लागले होते.

मी कोल्हापूरचा. साखर कारखान्याच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं काढली, लेथवर हात बसलेला. निवृत्तीनंतर परसातल्या खोलीत छोटा लेथ मांडला आणि स्टर्लिंग इंजिनाचा नाद लागला. रॉबर्ट स्टर्लिंग नावाच्या स्कॉटिश पाद्र्यानं १८१६ साली पेटंट घेतलेलं हे इंजिन. बॉयलर नाही, वाफ नाही. कोंडलेली तीच ती हवा एका टोकाला तापून फुगते, दुसऱ्या टोकाला निवून आकसते, आणि तेवढ्यावर चाक फिरतं. माझं पहिलं इंजिन म्हणजे एक परीक्षानळी, चार गोट्या आणि डॉक्टर पूर्वी उकळून वापरायचे तसली काचेची सिरिंज. खाली दिवा ठेवला की नळी झोपाळ्यासारखी डुलायची. चाक नव्हतं, पण मला तेवढ्यानंही झोप आली नव्हती.

पुढं फ्लायव्हीलवालं, म्हणजे जड चाक असलेलं, करायला घेतलं आणि पिस्टनपाशी अडकलो. आतला डिस्प्लेसर, म्हणजे हवा गरम आणि थंड टोकांमध्ये ढकलणारा दट्ट्या, सैलच लागतो, त्याच्या कडेनं हवा इकडून तिकडं जायची असते. चाक फिरवणाऱ्या पॉवर पिस्टनला मात्र हवा सोडायची मुभा नाही आणि घासायचीही नाही. दोन महिने पितळेचे पिस्टन घासले. हवा धरली की जाम, मोकळा केला की फुसका. असा वैतागलेला माणूस तयार माल शोधायला लागतो, आणि असलाच माणूस त्या लोकांना हवा असतो.

मोबाइलवर व्हिडिओ दिसला. शिसवी पाटावर काचेचा सिलिंडर, पितळी फ्लायव्हील, खाली स्पिरिटचा दिवा, बाजूला उजळलेला एलईडी. फोन केला तर पलीकडचा पोरगा गोड बोलणारा. ‘काका, आधी छोटं मॉडेल मागवा. पटलं तर आपलं शंभर वॅटचं आहे, याच दिव्यावर चालतं, लाइट गेली की घरातले पंखे चालवा.’ वर हेही ऐकवलं, की फिलिप्सनं दोनशे वॅटचं केलंच होतं की. ते खोटं नाही. १९५०च्या सुमारास फिलिप्सनं तेवढ्या ताकदीचा स्टर्लिंग जनरेटर काढला होता. पण त्यात हवा दाबानं भरलेली असायची आणि खाली रॉकेलचा बर्नर होता, टेबलावरचा दिवा नव्हे. खऱ्या गोष्टीला खोटी गोष्ट कशी चिकटवायची, हे त्या पोराला चांगलं जमत होतं.

छोटं मॉडेल बेचाळीसशेला आलं. दिवा पेटवून खोबणीत ठेवला आणि चाक लगेच फिरायला लागलं. शेजारीपाजारी बोलावले. उद्यमनगरातला, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या वर्कशॉपांच्या वस्तीतला, माझा जुना मिस्त्री दोस्त येऊन बघून गेला आणि म्हणाला, ‘अण्णा, उद्यमनगर पायाशी असताना तयार इंजिन बाहेरनं मागवताय? नादच खुळा!’ मला वाटलं, जळतोय. दुसऱ्या दिवशी शंभर वॅटवाल्यासाठी बारा हजार अ‍ॅडव्हान्स पाठवले. दोन दिवसांनी ‘ट्रान्सपोर्ट आणि विमा’ म्हणून साडेतीन हजार.

रविवारी सातवीतला नातू आला. त्याला इंजिन दाखवत होतो. बोलता बोलता दिव्यातलं स्पिरिट संपलं.

‘आजोबा, दिवा विझलाय तरी फिरतंय.’

मी मास्तर झालो. त्याला समजावलं, काच तापलेली असते, त्या उरलेल्या उष्णतेवर थोडा वेळ चालतं. हे खरंच आहे. मिनिटभर, फार तर थोडं जास्त, आणि वेग हळूहळू पडत जातो. आम्ही बघत बसलो. पाच मिनिटं झाली, वेग तोच. मी काचेला बोट लावलं, कोमट. दहा मिनिटांनी नातवानं दिवा उचलला आणि चाक खटकन थांबलं. परत ठेवला, चालू. विझलेला दिवा!

पाट उलटा केला, तळाच्या कापडाखाली चार स्क्रू होते. आत दोन पेन्सिल सेल, खेळण्यातली मोटर, आणि दिव्याच्या खोबणीखाली बरोबर एक बटण. दिव्याच्या वजनानं ते दाबलं जायचं. खूण सगळी समोर होती. खरं इंजिन दिवा लावल्या लावल्या कधी चालत नाही. आधी अर्धा-एक मिनिट तापू द्यावं लागतं, मग बोटानं चाकाला टिचकी द्यावी लागते. शिवाय डिस्प्लेसर पॉवर पिस्टनच्या नव्वद अंश, म्हणजे पाव फेरा, पुढं पळायला हवा. इथं तो मागं होता, म्हणजे मोटर इंजिनाला उलटं फिरवत होती. आणि पितळी फ्लायव्हीलला लोहचुंबक चिकटला. एकतीस वर्षं वर्कशॉपात आणि घरात चुंबक असून लावला नाही.

हिशेबही मग केला, पैसे गेल्यावर. पन्नास मिलीलीटर स्पिरिट त्या दिव्यात तीन तास पुरलं. वजन चाळीस ग्रॅम, ग्रॅममागे सव्वीस किलोजूल धरले तरी दिवा एकूण उष्णता देतो शहाण्णव वॅटची. त्यातली बरीच हवेत जाते. गरम टोक तीनशे अंश आणि थंड टोक पन्नास अंश धरलं तर उष्णतेतून काम काढायची कागदावरची कमाल मर्यादासुद्धा ४४ टक्के, आणि घरगुती मॉडेलनं चार-पाच वॅट दिले तरी पेढे वाटावेत. शंभर वॅट वीज त्या दिव्यातून निघूच शकत नव्हती. पाचवीच्या गुणाकाराएवढं गणित.

फोन लावला. पोरगा शांत. ‘काका, तो सेल स्टार्टरचा असतो.’ मी आवाज चढवला तर म्हणाला, ‘पैसे परत करतो, कोड पाठवलाय, स्कॅन करा.’ केला. पडद्यावर ९,९९९ आले, खाली पिन मागितला. दोन आकडे टाकलेही होते. तेवढ्यात सूनबाईनं हातातला फोन ओढला. ‘बाबा, पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की आपलेच जातात.’ त्यानंतर तो नंबर बंद.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, बँकेतही दिली, पण तेव्हा पैसे पाठवून दहा-बारा दिवस उलटले होते. लगेच कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. मी आठ दिवस लाजण्यात घालवले, ते सगळ्यांत महाग पडले. तक्रारीचा क्रमांक माझ्याकडं आहे, पैसे नाहीत.

एक गोष्ट मात्र त्यानं खरी पाठवली होती, काचेचा सिलिंडर. कारखान्यातल्या मोठ्या मोटरचा झिजलेला कार्बन ब्रश माझ्याकडं पडून होता. तो लेथवर धरला, खोलीभर काळी धूळ झाली, नाकाला फडकं बांधून पिस्टन उतरवला. सिलिंडर उभा धरून एक टोक अंगठ्यानं बंद केलं, पिस्टन आत सोडला. तो पडला नाही, हवेवर तरंगत सावकाश खाली आला. मोटर आणि सेल काढून टाकले, क्रँक फिरवून नव्वद अंशांवर बसवले.

नातू परत आला तेव्हा दिवा लावला. चाळीस सेकंद काहीच नाही. टिचकी दिली, दोन फेरे आणि बंद. आणखी थोडं तापू दिलं, पुन्हा टिचकी, आणि चाललं. एलईडी वगैरे काही नाही, नुसतं टकटकटक. पोरानं फुंकर मारून दिवा विझवला आणि मोठ्यानं आकडे मोजायला लागला. एकाहत्तरला थांबलं.