कोरियन स्ट्रॉबेरी मिल्क: क्रश, ताजं फळ की आणखी काही?

कोरियन कॅफेत मिळतं तसं स्ट्रॉबेरी मिल्क घरी करायचं ठरलं की बेळगावात बरेच जण आधी क्रशची बाटली आणतात. या पेयासाठी ती चालत नाही. क्रशमध्ये फळाचा अंश किमान २५ टक्के असला की नियमाला पुरतो. बाकी मुख्यतः साखर आणि पाणी. दुधात घातला की सगळं एकसारखं गुलाबी आणि नुसतं गोड होतं. आइस्क्रीमवर ओतायला क्रश छान आहे, पण इथे तळाशी लाल पाक, वर पांढरं दूध आणि दाताखाली फळ हवं.

तेव्हा पैसे फळावर घाला. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी साधारण डिसेंबर ते मार्च आपल्या बाजारात असते. पारदर्शक डबा उलटा करून तळ बघूनच घ्या. वर टपोरी लाल फळं आणि खाली दबून पाणी सुटलेली, हे नेहमीचंच. देठाजवळ पांढरी राहिलेली घेऊ नका. स्ट्रॉबेरी तोडल्यावर रंग धरते, गोडी धरत नाही.

२०० ग्रॅम फळाला ८० ग्रॅम साखर. फळं देठासकट धुवा, पुसून पूर्ण कोरडी करा, मगच देठ काढा. आधी देठ काढून धुतली तर पाणी आत शिरतं आणि पाक पातळ होतो. निम्मी फळं काट्याने ठेचा, निम्म्यांचे बोटाच्या पेराहून लहान तुकडे करा, साखर मिसळून काचेच्या बरणीत भरा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी तुकडे आकसून फिकट झालेले दिसतात आणि त्यांचा रंग पाकात उतरलेला असतो. तळाशी साखर बसली असेल तर कोरड्या चमच्याने ढवळा. गॅसवर ठेवायचा मोह टाळा: रंग तपकिरीकडे झुकतो आणि चव जॅमची येते. मिक्सरही नको, फेस होऊन मिल्कशेक होतो. चार-पाच दिवसांत बरणी संपवा.

दुधाचं म्हणाल तर खरा फरक इथेच पडतो. नंदिनीची निळी पिशवी ३ टक्के फॅटची. तिच्यात पेय पाणचट लागतं. पिशवीवर ६ टक्के फॅट लिहिलेलं दूध घ्या, किंवा गवळ्याकडचं म्हशीचं. गवळ्याचं दूध तापवणं आलंच. ते पूर्ण गार झाल्यावर साय काढून गाळून घ्या, नाहीतर सायीचे तुकडे आणि फळाचे तुकडे तोंडात एकच होतात. दूध फ्रीजमधून काढल्या काढल्या वापरायचं. स्ट्रॉबेरी आंबट असते, आणि दूध कोमट असलं की त्या आंबटपणाने चटकन फाटतं. याच कारणाने लिंबू पिळू नका, इतर ठिकाणच्या कृतीत लिहिलं असलं तरी. आणि मिसळलेलं पेय ठेवून देऊ नका.

३०० मिलिच्या ग्लासात चार मोठे चमचे पाक-फळ, त्यावर बर्फाचे तीन-चार खडे, मग बर्फावरून अगदी सावकाश १८० मिलि दूध. पाक दुधापेक्षा जड, म्हणून तळाशीच राहतो. धार जोरात पडली की थर मोडतो. एवढ्या पाकात तीन ग्लास होतात. ढवळल्यावर रंग फिकाच येतो, तोच खरा. भडक गुलाबी हवा म्हणून इसेन्स घालाल तर केलेली सगळी मेहनत वाया.

एप्रिल-मेमध्ये हापूस घ्या: २०० ग्रॅम फोडींना ३० ग्रॅम साखर, दोन तासांत तयार. आमच्या मते हा तर स्ट्रॉबेरीहून सरस, कारण आंबटपणा कमी आणि दूध फाटायची धास्तीही कमी. न शिजवलेला अननस, किवी आणि पपई मात्र दुधात घालू नका. त्यांतली एन्झाइम्स दुधातलं प्रथिन तोडतात आणि थोड्याच वेळात पेय कडवट होतं. अननसच हवा असेल तर साखरेत पाच मिनिटं उकळू द्या आणि फ्रीजमध्ये पूर्ण गार करूनच दूध ओता.