जीएसएम कटर: दहा हजारांच्या आतलं यंत्र आणि नागपूरची हवा

टेक्स्टाइल आणि फॅशनमधल्या पीएचडीच्या प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त हाताळलं जाणारं आणि सगळ्यात कमी तपासलं जाणारं यंत्र म्हणजे गोल जीएसएम कटर (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन). भारतीय बनावटीचा साधा कटर दहा हजारांच्या आत मिळतो. कापडाचा बरोबर १०० चौरस सेंटिमीटरचा गोल तुकडा कापायचा, ग्रॅममध्ये वजन करायचं, १०० ने गुणायचं. झालं जीएसएम. काम इतकं सोपं वाटतं, म्हणूनच प्रबंधातले सगळ्यात ढिले आकडे याच तक्त्यात सापडतात.

आधी यंत्राबद्दल. गोल डबीच्या आत चार पाती असतात, म्हणजे एका पात्याच्या वाट्याला पाव वर्तुळ. खाली रबरी पॅड, त्यावर एकच थर कापड, सुरकुती नको, ताणही नको. कटर सरळ ठेवायचा, सेफ्टीची खीळ सोडायची, वरून सारखा दाब देत मूठ पाव फेऱ्यापेक्षा थोडी जास्त फिरवायची. पाव फेरा पुरा झाला नाही तर दोन पात्यांच्या सांध्यावर दोन-चार धागे तसेच राहतात. मग घाईत तुकडा ओढला जातो, कडेचे धागे निसटतात आणि वजन घटतं. विरळ विणीच्या कापडात हा फटका मोठा बसतो. निटेड कापडाची गंमत वेगळी: दाबताना ते ताणलं गेलं की कापल्यावर आक्रसतं, वर्तुळ लहान होतं, आणि आपण मात्र ते १०० चौरस सेंटिमीटरच धरून बसतो.

नवा कटर आला की पहिल्या दिवशी जाड कागदाचा गोल कापून व्यास मोजा. तो ११२.८ मिलिमीटर भरला पाहिजे. एका मिलिमीटरच्या फरकाने क्षेत्रफळ जवळजवळ १.८ टक्के बदलतं; १५० जीएसएमच्या कापडात अडीच-पावणेतीन जीएसएम तिथेच गेले. स्वस्त कटरमध्ये पाती बदलल्यावर हा फरक पडतो, कारण पातं खाचेत नीट बसलेलं नसतं. म्हणजे प्रत्येक वेळी पाती बदलली की पुन्हा कागद कापायचा. पॅडवर गोल चर पडली की तो थोडा सरकवा किंवा उलटा करा. पात्याला धार असूनही कापड अर्धवट कापलं जातं, ते बहुधा या चरेमुळे.

कटरपेक्षा जास्त पैसे तराजूवर घाला. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या तराजूवर शेवटचा आकडा एकाने हलला की जीएसएम एकाने हलतो. ६० जीएसएमच्या झिरझिरीत कोशाचा (टसर रेशमाचा) तुकडा भरतो ०.६० ग्रॅम, तिथे ही चूक दीड टक्क्याच्या वर जाते. ०.००१ ग्रॅमचा, काचेची दारं असलेला तराजू हवा, आणि वजन करताना पंखा बंद.

आता खरी अडचण. कापूस हवेतलं पाणी धरतो. त्याचा मानक मॉइश्चर रिगेन, म्हणजे कोरड्या वजनाच्या तुलनेत धरलेला ओलावा, ८.५ टक्के, टसरीसकट सगळ्या रेशमाचा ११, पॉलिएस्टरचा जेमतेम ०.४. मे महिन्यात नागपुरात दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते, तेव्हा कापसातला ओलावा निम्म्यावर येतो. १५० जीएसएमचं सुती कापड पाच-सहा जीएसएमने हलकं भरतं. तेच कापड जुलैत जड. म्हणजे मे महिन्यात धुण्याआधीचं आणि जुलैत धुतल्यानंतरचं वजन घेऊन ‘धुलाईनंतर जीएसएम वाढला’ असा निष्कर्ष काढला, तर तो निष्कर्ष पावसाळ्याचा आहे, धुलाईचा नाही. या शहराला हे नवीन नाही. १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी हवा दमट ठेवणारे ह्युमिडिफायर बसवले होते. कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून.

आणि कूलर. उन्हाळ्यात विभागात कूलर लागला की खोलीचा एक कोपरा दमट, दुसरा कोरडा. कूलरच्या झोतात ठेवलेले नमुने आणि कपाटातले नमुने एकाच तक्त्यात टाकू नका.

भारतीय पद्धतीत नमुने २७ अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रतेत ठेवतात, आयएसओ १३९ या आंतरराष्ट्रीय मानकात २० अंश आणि ६५ टक्के. कोणती हवा वापरली ते प्रबंधात लिहायलाच हवं. दोन तासांच्या अंतराने केलेल्या दोन वजनांत ०.२५ टक्क्यापेक्षा जास्त फरक नसेल, तर नमुना स्थिरावला असं समजायचं. ओलावा कोरड्या बाजूने वर चढला पाहिजे, म्हणून दमट दिवसांत नमुने आधी ५० अंशांपेक्षा जास्त नाही अशा उष्णतेत सुकवून घ्यावे लागतात. मे महिन्यात नागपूरची हवा हे काम फुकटात करून देते! अशी ठरावीक हवा राखणारी कंडिशनिंगची खोली नसेल तर निदान हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) तरी खरा हवा: बंद डब्यात मीठ आणि थोडं पाणी यांचा ओला लगदा ठेवून हायग्रोमीटर रात्रभर आत सोडा, ७५ टक्के दाखवला पाहिजे.

नमुने पाच, कापडाच्या तिरप्या रेषेत घेतलेले, म्हणजे एकाच ताण्या-बाण्याचे (उभे-आडवे) धागे दोन नमुन्यांत येत नाहीत. काठाजवळचा भाग सोडायचा. पद्धत आयएस १९६४ या भारतीय मानकात आहे (हे साल नव्हे, मानकाचा क्रमांक, संदर्भसूचीत हा घोळ सर्रास दिसतो).

विदर्भातल्या विषयांवर काम करणाऱ्यांसाठी एक इशारा. करवतीच्या दात्यांसारख्या काठाच्या करवत काठी साडीवर हा कटर जवळजवळ निरुपयोगी आहे. तीन धोट्यांनी विणलेल्या त्या साडीत काठ आणि अंग यांचे बाणे करवतीच्या दात्यांवर एकमेकांत अडकतात, आणि गोल त्या रेषेवर पडला की येणारं वजन ना काठाचं ना अंगाचं. काठ ११ सेंटिमीटरपेक्षा अरुंद असेल तर गोल बसतच नाही. ५ बाय ५ सेंटिमीटरचा पत्र्याचा साचा करून ब्लेडने कापा आणि वजनाला ४०० ने गुणा. इथे चूकही ४०० पट होते, तेव्हा तराजू तीन दशांशांचाच. साडी कापायची नसते. विणकराकडे मागाच्या शेवटी उरलेला तुकडा मागून घ्या.

यूजीसीच्या नियमाने प्रोफेसरकडे एका वेळी आठ, असोसिएटकडे सहा आणि असिस्टंटकडे चार संशोधक असू शकतात. आठ जणींचा एक कटर म्हणजे पाती महिनोन्‌महिने कुणीच बदलत नाही, प्रत्येकीला वाटतं दुसरीने बदलली असतील. यंत्रासोबत एक वही बांधून ठेवा: तारीख, तापमान, आर्द्रता, पाती कधी बदलली, कागदाचा व्यास. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढला की गाइडची छाती फुगते, ते रास्तच आहे. पण व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकाने तक्त्यावर बोट ठेवून ‘हा आकडा कोणत्या हवेतला?’ विचारल्यावर विद्यार्थिनीने मॅडमकडे न बघता वही उघडली, तर त्या अभिमानाला खरी जागा मिळते.

घ्यावा का? घ्यावा. महागड्या आयात कटरची गरज नाही; त्या पैशात तीन दशांशांचा तराजू आणि हायग्रोमीटर येतो. खरेदीच्या वेळी जादा पात्यांचे दोन संच आणि एक जादा पॅड त्याच बिलात मागा, मागाहून पॅड मिळवताना दमछाक होते. पावसाळ्यात पाती गंजू नयेत म्हणून तेल लावण्याची सवय अनेकांना असते. लावलंच तर वापरण्याआधी स्पिरिटने पूर्ण पुसा, नाहीतर तेल कापडाच्या कडेला लागून तेही जीएसएममध्ये मोजलं जातं.