नफ्यातला सौदा: टप्प्याटप्प्याने काढावा की एकदम?

स्टॉपलॉस (भाव ठरलेल्या पातळीपर्यंत पडला की माल विकून टाकणारी ऑर्डर) कुठे लावायचा यावर लोक तासन्‌तास बोलतात. नफ्यातून बाहेर कसं पडायचं हे मात्र एका वाक्यात उरकतात: "अर्धा माल काढ, उरलेल्याचा स्टॉप कॉस्टला, म्हणजे खरेदीभावाला, आण आणि निवांत बस." सल्ला वाईट नाही. मीही बराच काळ तेच करत होतो, आता सहसा करत नाही.

आधी हिशोब. समजा ५०० ला १०० शेअर घेतले आणि स्टॉप ४९० ला ठेवला. म्हणजे १००० पणाला लागले. टप्प्यावाला ५१० ला ५० विकतो, उरलेल्यांचा स्टॉप ५०० वर आणतो आणि ५३० ची वाट बघतो. एकदमवाला स्टॉप न हलवता ५३० साठी बसून राहतो. ५१० आलाच नाही तर दोघांचेही १००० जातात. भाव सरळ ५३० ला गेला तर पहिल्याला २०००, दुसऱ्याला ३०००. ५१० ला शिवून ४९० ला घसरला तर पहिल्याच्या पदरात ५०० पडतात, दुसऱ्याचे १००० जातात. इथवर सगळेच मोजतात. सुटते ती पुढची शक्यता: भाव ५१० वरून ५०० ला येतो, टप्प्यावाल्याचा उरलेला स्टॉप उडवतो आणि मग ५३० ला जातो. एकाला ५००, दुसऱ्याला ३०००.

भाव नुसताच दिशाहीन भटकत असेल तर हे सगळं धरून दोघांची सरासरी सारखीच येते. म्हणजे टप्प्यांमुळे कमाई वाढत नाही, फक्त चढउतार कमी होतात आणि नफ्यात बंद झालेल्या सौद्यांची संख्या छान दिसते. रेंजमध्ये, म्हणजे ठरावीक पट्ट्यातल्या वर-खाली भावावर, खेळणाऱ्याला ते सोयीचंच आहे, कारण तिथे भाव परत फिरणार हेच गृहीत असतं. ब्रेकआउटवाल्याचं (भाव पट्टा फोडून धावेल यावर पैसे लावणाऱ्याचं) पोट मात्र वर्षातल्या मोजक्या मोठ्या सौद्यांवर चालतं. त्याच्या बाबतीत अंदाज चुकतो तेव्हा पूर्ण क्वांटिटी हातात असते आणि बरोबर ठरतो तेव्हा अर्धीच.

पण खरं सांगायचं तर माझा निर्णय या गणिताने झाला नाही. तो झाला ऑर्डरच्या कटकटीने.

१०० शेअरचा स्टॉपलॉस सिस्टिममध्ये पडून आहे. आता ५१० ला ५० विकायचेत. ती लिमिट ऑर्डर (ठरलेल्या किंवा त्याहून चांगल्या भावालाच विकणारी) टाकली की विक्रीच्या ऑर्डरी झाल्या १५०, हातात माल १००. काही ठिकाणी दुसरी ऑर्डर रिजेक्ट होते, काही ठिकाणी वाढीव मार्जिन (तारण रक्कम) मागतात. म्हणून आधी स्टॉपची क्वांटिटी ५० करा, मग लिमिट टाका; तेवढ्या वेळात अर्धा माल उघडा. त्यात लिमिटचे ५० पैकी २० च गेले आणि भाव मागे फिरला, तर आता स्टॉप ८० चा हवा. तो ८० चा करेपर्यंत आणखी १५ गेले की ६५ चा. आणि स्टॉप १०० चाच राहून गेला तर तो लागताक्षणी हातात नसलेला मालही विकला जातो. फ्युचर्समध्ये त्याची सरळ शॉर्ट पोझिशन होते, म्हणजे नफ्यातला सौदा संपल्यावर नको असलेला नवा सौदा सुरू. तीन टप्पे ठेवले तर हे सगळं तीनदा. अलीकडे काही ॲप क्वांटिटी आपोआप जुळवून घेतात. तुमचं घेत असेल तर माझी तक्रार बऱ्यापैकी गैरलागू आहे.

एकदम बाहेर पडायचं तर ऑर्डर एकच असते आणि फक्त तिचा ट्रिगर (ज्या भावाला ती लागते तो) वर सरकवायचा. मी तो झालेल्या सर्वोच्च भावाच्या तीन एटीआर (एटीआर म्हणजे भावाची दिवसाची सरासरी हालचाल) खाली ठेवतो आणि रोज बाजार बंद झाल्यावर एकदा बदलतो. दिवसभर स्क्रीनशी झटापट नाही.

याचा त्रास नाही असं नाही. तीन एटीआर म्हणजे शिखरावरून बरंच काही परत द्यायचं, आणि दिसत असलेला नफा असा वितळताना बघणं जिवावर येतं. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी" हे बाहेरचं कुणी ऐकवायची गरज नसते, मनच ऐकवतं. पण ते मन कसं वागतं याची नोंद आहे: वित्त-अभ्यासक टेरन्स ओडीन यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका ब्रोकरकडची १०,००० खाती तपासली. लोक नफ्यातले शेअर चटकन विकत होते आणि तोट्यातले धरून बसत होते. विकलेले नफ्यातले शेअर पुढच्या वर्षभरात, धरून ठेवलेल्या तोट्यातल्यांपेक्षा सरासरी ३.४ टक्क्यांनी सरस ठरले. हे टप्प्यांविरुद्धचं थेट प्रमाण नव्हे, कबूल. तरी पहिला अर्धा विकताना आपण योजना पाळतोय की हीच खाज भागवतोय, हे मला स्वतःबाबत कधी छातीठोकपणे सांगता आलं नाही.

अमेरिकी ट्रेडर रिचर्ड डेनिस यांनी १९८३ साली तयार केलेल्या 'टर्टल' शिष्यांची पद्धतही इथे आठवण्यासारखी आहे. तेही टप्पे करत, पण आत शिरताना: भाव बाजूने सरकला की एकेक युनिट वाढवत चारपर्यंत. बाहेर पडताना मात्र दहा दिवसांचा (लांब पल्ल्याच्या पद्धतीत वीस दिवसांचा) नीचांक तुटला की सगळा माल एकदम काढत.

ज्यांच्याकडे एकच लॉट (तोडता न येणारा किमान गठ्ठा) असतो त्यांच्यापुढे हा प्रश्नच नाही. उलट ज्या शेअरमध्ये उलाढाल पातळ आहे आणि आपली क्वांटिटी मोठी, तिथे एकदमचा हट्ट मीही धरत नाही. आपल्याच ऑर्डरने भाव पाडून घेण्यापेक्षा चढत्या भावात मागणी असेपर्यंत थोडा थोडा माल देणं बरं. आणि अर्धं बुक केल्याशिवाय झोपच लागत नसेल तर खुशाल करा, फक्त दोनच टप्पे ठेवा आणि स्टॉपची क्वांटिटी आधी बदला.