एआर-४एक्स: साठ वर्षांपूर्वीची जोडी, आज घ्यावी का?

अमेरिकेतल्या केंब्रिजच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीने १९६५ मध्ये काढलेला हा शेल्फ स्पीकर. खर्जासाठी आठ इंची वूफर, वरच्या सुरांसाठी अडीच इंची कागदी कोनचा (शंकूचा) ट्वीटर, बंद पेटी आणि एकाचं वजन साडेआठ किलोच्या आत. आपल्याकडे जोडी क्वचितच दिसते. निकाल आधीच सांगायचा तर, दोन्ही ट्वीटर जिवंत असतील तर बिनधास्त घ्यावी. मात्र विकणारा ‘कपॅसिटर नवीन टाकलेत’ म्हणून भाव चढवत असेल तर त्याला भुलू नये. कपॅसिटर हे यातलं सगळ्यात सोपं काम. खरं दुखणं असतं ते पाठीमागच्या पॉटमध्ये, म्हणजे ट्वीटरचा आवाज ठरवणाऱ्या फिरत्या बटणात, आणि हवा गळण्यात.

हवेचं आधी. याचा वूफर मुद्दाम ढिला ठेवलेला आहे. कोनला मागे खेचणारी स्प्रिंग म्हणजे पेटीत कोंडलेली हवा. कंपनीचे सहसंस्थापक एडगर व्हिलचर यांची हीच कल्पना १९५४ च्या एआर-१ पासून या कंपनीचं भांडवल होती. त्यामुळे पेटीत फट पडली की खर्ज गेलाच. तपासायला मीटर लागत नाही. बोटांनी वूफरचा कोन अगदी हलक्या हाताने, सरळ आत दाबावा, क्षणभर धरावा आणि सोडावा. पेटी घट्ट असेल तर तो सावकाश, सेकंद-दीड सेकंद घेत जागेवर येतो. टपकन उसळला तर कुठून तरी हवा जाते आहे. दाबताना खरखर ऐकू आली तर व्हॉइस कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) घासतेय. तो सौदा तिथेच सोडावा.

गळती सहसा दोन ठिकाणी सापडते. पहिली वूफरच्या कडेखाली. तिथली फट बुजवणारी मूळ लांबी (पुट्टी) वाळून कडक झालेली असते. ती सगळी खरवडून काढावी आणि मऊ, न वाळणाऱ्या लांबीची पेन्सिलीएवढी वळी गोल फिरवून वूफर बसवावा. पेच समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत, पण फार ताकद लावू नये, जुन्या लाकडात पेच लगेच फिरतात. दुसरी जागा म्हणजे वूफरची कापडी कड. तिच्यावरचा लेप सुकला की कापडातून हवा आरपार जाते. उजेडासमोर धरलं की विणीतून बारीक ठिपके चमकताना दिसतात. इथे कायम चिकट राहणारा ब्युटिल रबराचा लेप पातळ करून, वूफर आडवा ठेवून, ब्रशने एकच हात द्यावा आणि दिवसभर वाळू द्यावा. फेव्हिकॉल किंवा सिलिकॉन लावलं की कड ताठ होते, वूफरचा अनुनाद (त्याची स्वतःची कंपनसंख्या) वर सरकतो आणि ज्यासाठी हा स्पीकर घ्यायचा तोच खर्ज हरवतो. कोन दुरुस्त करणाऱ्या दुकानात दिलात तर ‘कड जुनी झालीये, फोमची टाकतो’ असं ऐकायला मिळेल. साफ नाही म्हणावं. कापड फाटलेलं नसेल तर ते अजून कितीतरी वर्षं जाईल.

आता पॉट. ट्वीटरचा आवाज कमी-जास्त करणारा हा तारेचा पॉट पितळ आणि तारेच्या सांध्यावर हिरवट गंजतो. ट्वीटर ‘मेला’ म्हणून टाकलेल्या जोड्यांमध्ये पुष्कळदा हाच गुन्हेगार निघतो. म्हणून ट्वीटरची तार सोडवून त्याच्या टोकांवर थेट मीटर लावून बघावं. काही ओहम दाखवले तर तो जिवंत आहे. पॉट खोलून बारीक पॉलिश पेपरने घासला, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की चालू होतो, पण काही महिन्यांनी पुन्हा अडखळतो. दमट हवेत तर नक्कीच. कायमचा उपाय म्हणजे १५ किंवा १६ ओहमचा एल-पॅड (स्पीकरचा आवाज कमी-जास्त करायचं तयार कंट्रोल) आणि त्याच्या इनपुटला समांतर २५ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर. रेझिस्टर कशाला? मूळ पॉट स्वतःच कपॅसिटरवर भार टाकतो. तो भार काढून घेतला तर १२०० हर्ट्झचा क्रॉसओव्हर, म्हणजे वूफर आणि ट्वीटरमधली सुरांची वाटणी, आपल्या जागेवरून हलतो. बाजारात सहज मिळतो म्हणून ८ ओहमचा एल-पॅड ठोकून देणं ही यातली नेहमीची चूक.

ही वाटणी करणारं सर्किट म्हणजे वूफरला एक कॉइल आणि ट्वीटरला २० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, बस्स. कॉइलला हात लावू नये. जुना कपॅसिटर मोजून १० टक्क्यांहून जास्त सरकला असेल तर १० मायक्रोफॅरडचे दोन फिल्म कपॅसिटर समांतर जोडून सोल्डरचा डाग द्यावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत असा माल मिळतो. धन-ऋण खुणा असलेला साधा इलेक्ट्रोलिटिक इथे चालत नाही.

आतली ग्लासवूल काढताना हातमोजे आणि मास्क हवाच. बाहेर काढली तेवढीच परत भरावी. कमी भरली तर खर्ज घुमतो. पुढचं कापड चौकटीसकट पेटीला चिकटवलेलं असतं, ते रुंद पातळ पात्याने एका कोपऱ्यातून हळूहळू सोडवावं. मधूनच उचकटलं की चौकट मोडते.

नीट बसवलेली जोडी भिंतीला पाठ लावून शेल्फवर ठेवली तरी चालते. मागे पोर्ट (हवा जाण्या-येण्याचं भोक) नसल्याने हा फायदा फुकटात मिळतो. तबल्याचा बायां आणि तानपुऱ्याचा खर्ज या आकाराच्या पेटीतून इतका भरीव येतो की पेटी पुन्हा बघावीशी वाटते. गळ्याचा आवाज स्वच्छ, किंचित पुढे. वरचं टोक मात्र उतरतं, त्यामुळे मंजिरी आणि झांजेची चमक आजच्या डोम ट्वीटरसारखी मिळणार नाही, पॉट पूर्ण फिरवला तरी. संवेदनशीलता कमी आहे, म्हणजे तेवढ्याच वॅटला आवाज कमी निघतो. कंपनीने तेव्हाच चॅनेलमागे किमान १५ वॅट सांगितले होते. टेबलावरच्या इवल्याशा अँपवर हा स्पीकर झोपतो, चांगले ३०-४० वॅट द्या. ट्वीटर मेलेली जोडी मात्र स्वस्तात मिळाली तरी नको. मूळ ट्वीटर सुटा शोधत बसण्यापेक्षा दुसरी अख्खी जोडी घेतलेली परवडते.